एल-४१च्या जागी

१

बातमी आली तो दिवस साधाच होता. पुणे रस्त्यावरून खडीचे ट्रक चालले होते, शेजारच्या तेलघाण्याचा पट्टा फटफटत होता आणि आमच्या शेडमध्ये गोरक्ष पंचायतीच्या रेडिओंना मागची झाकणं बसवत होता. दुष्काळाचं साल होतं. नगरजवळच्या केडगावातल्या आमच्या विहिरीनं केव्हाच तळ दाखवला होता. टँकर आला की आई स्वतः हंडा घेऊन रांगेत उभी राहायची, कोणाचं ऐकायची नाही.

रंगनाथराव मुंबईहून सकाळच्या एस.टी.नं आले. तांब्यातल्या अर्ध्या पाण्यात हात-तोंड आटोपून स्टुलावर बसले आणि चहाची वाट न बघता म्हणाले, "दादा, एल-४१ संपला."

"संपला म्हणजे?"

"कारखान्यानं बनवायचाच बंद केला. एजंट म्हणतो, आता नवीन निघालाय तो घ्या. त्याला चौदा पाय आहेत."

गोरक्ष मान वर न करता म्हणाला, "आपल्या सॉकेटाला भोकं धाच हायेत. बाकीचे पाय काय खांद्यावर घ्यायचे?"

एल-४१ हा आमच्या रेडिओचा जीव होता. नखाएवढी धातूची डबी, आत बऱ्याच ट्रान्झिस्टरांचं काम एकत्र कोंबलेलं. आयसी म्हणतात तिला. आमच्या भागात आयसी घातलेला रेडिओ तेव्हा दुसरं कोणी बनवत नव्हतं, आणि त्याचा मला थोडा गर्वही होता. सरकारकडून मंजूर झालेला नमुना त्याच आयसीवर बांधलेला होता. ग्रामपंचायतींना द्यायचे सगळे सेट त्या नमुन्याबरहुकूम हवे होते.

चहा आला. रंगनाथराव कपाकडं बघत म्हणाले, "आणखी एक. मुंबईला जायच्या आधी मी कर्जतकडं जाऊन आलो. मुलगी बघितली. आईंच्या कानावर घातलंय, तुम्हाला सांगायचं राहिलं होतं."

दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच आवाजात सांगितल्या. ते माझ्या धाकट्या बहिणीचे, मालनचे यजमान, धंद्यातले भागीदार, आणि राहायलाही आमच्याच घरी. मालन काविळीनं गेली त्याला वर्ष उलटून गेलं होतं. माणसानं पुन्हा संसार करू नये असं मी कधी म्हणालो नाही. तरी त्या दिवशी तो चहा मला पिववला नाही.

२

शेडच्या मागच्या टोकाला एक लहान खोली आहे. भिंतींना जुन्या गोधड्या ठोकलेल्या, आत एक बाक, बाकासमोर स्पीकर. शेडच्या बाजूनं हातभर खिडकी आहे, तिला पडदा. आम्ही तिला ऐकायची खोली म्हणतो. मीटर काय ते सांगतोच, पण चावडीसमोर बसलेली माणसं मीटर ऐकत नाहीत. त्यामुळे प्रत्येक सेट शेवटी कानानंच तपासायचा अशी आमची रीत होती.

कान मालनचा. ती आत बसायची. मी बाहेर दोन सेट शेजारी ठेवायचो, एक मंजुरीचा जुना आणि एक नुकताच तयार झालेला. मधलं बटण फिरवलं की कधी हा आतल्या स्पीकरला जोडला जायचा, कधी तो. मी विचारायचो, "कोणता?" आतून यायचं, "जुना." किंवा "नवा." तिला काही दिसत नसे. बहुतेक वेळा ती बरोबर असायची. चुकली की भांडायची, म्हणायची बटण मीच चुकीचं फिरवलं. मधूनच मी दोन्ही सेट बंद ठेवून तसंच गंभीरपणे विचारायचो, "कोणता?" मग आतून यायचं, "दाद्या, बाहेर आले तर कान उपटीन हं."

चारचौघांत ती मला दादा म्हणायची. दाद्या फक्त त्या खोलीतून. तिथे आमच्या दोघांशिवाय कोणी नसायचं.

एल-४१ला एक खोड होती. सेट लावला की स्टेशन येण्याआधी क्षणभर आवाज आत ओढला जायचा, बोलण्याआधी कोणी श्वास घ्यावा तसा. कारण मला माहीत होतं. डबीच्या आत आवाज सांभाळणारी जी जोडणी होती ती स्थिरावायला थोडा वेळ घ्यायची. घडणीतलाच दोष तो, आमच्या हातात काही नव्हतं. मालन त्याला श्वासच म्हणायची. "घेतला बघ श्वास," म्हणायची, "आता बोलंल."

ती गेल्यावर तपासणीचं काम मी एकट्यानं करत होतो. आत स्पीकर लावून ठेवायचा, बाहेर बटण फिरवायचं आणि पडदा बाजूला करून स्वतःच ऐकायचं. त्यात काही अर्थ नव्हता. कोणता सेट लागलाय हे मला आधीच ठाऊक असे.

३

एल-४१चा पर्याय शोधण्यात उन्हाळा गेला. मुंबईच्या बाजारातून आणलेला एक आयसी दिसायला जुळा भाऊ होता, पण लावला की शिट्टी घालायचा. पुण्याच्या दुकानदारानं खात्रीनं दिलेला पहिल्याच दिवशी तापून गेला. कॅन्टोन्मेंटच्या लिलावात भंगारातल्या वायरलेसच्या पेट्या मिळतात म्हणून मी तिथेही फिरलो. सगळं झाल्यावर मी पहिल्यापासून करायला हवं होतं ते केलं. डबीच्या आत जे होतं ते डबीच्या बाहेर मांडलं. सुटे ट्रान्झिस्टर घेऊन काडेपेटीएवढी पट्टी तयार केली आणि खाली दहा पाय काढले. पट्टी जुन्या सॉकेटात नेमकी बसली.

पहिल्यांदा लावली तेव्हा पुणे केंद्र थेट आलं. स्वच्छ, भरदार. श्वास नव्हता. तो दोष मी मुद्दाम काढून टाकला होता.

"जुन्यापेक्षा बरा आहे की," रंगनाथराव म्हणाले.

बराच होता. तरी मी तो सेट कितीदा तरी बंद करून पुन्हा लावला.

मग गोरक्षनं विचारलं, "साहेब, हिच्यावर नंबर काय टाकायचा?"

"आपला काहीतरी टाकू. आर-१."

"मग झालंच. तपासनीस म्हनंल हे कोन आनि? नवा नमुना द्या म्हनंल, पुन्हा मंजुरी. गावातला मेकॅनिक तर झाकान उघडून नुसता बघतच बसंल. जुनाच टाका. जुन्याच जागी बसनार हाय ना?"

त्याचं बोलणं व्यवहाराचं होतं. पांढऱ्या रंगानं आम्ही प्रत्येक पट्टीवर एल-४१ लिहिलं.

त्याच आठवड्यात लग्न झालं. कर्जतच्या पुढे एका वाडीत, दुष्काळामुळं अगदी थोडक्यात. मुलीचं नाव लंका. वडील भिमाजी दुष्काळी कामावर खडी फोडत होते, बोटांना चिंध्या गुंडाळूनच मांडवात उभे होते. आमच्याकडं रीत अशी की पहिलीचं माहेर तेच दुसरीचंही माहेर होतं. पहिलीच्या नावाचा चांदीचा टाक दुसरीच्या गळ्यात बांधतात, आणि पहिलीची आई तिची लेक म्हणून ओटी भरते. आई त्यासाठीच आली होती. भाऊ म्हणून मीही.

नाव बदलायची वेळ आली. ताटात तांदूळ पसरले. रंगनाथरावांच्या मनात दुसरं काही नाव होतं. त्यांनी अंगठी टेकवली तेवढ्यात आईनं त्यांचं मनगट धरलं.

"मालनच लिहा. मला त्याच हाकेची सवय हाय."

रंगनाथरावांनी माझ्याकडं बघितलं. मी काही बोललो नाही. त्यांनी मालन लिहिलं.

मुलगी ताटाकडं बघत होती. मोठे, थोडे भिरभिरणारे डोळे. ती हळूच म्हणाली, "माजं लंका चांगलं हाय की."

बायका हसल्या. कोणीतरी म्हणालं, "पोरीला जीभ हाय बरं का, रंगनाथराव."

४

लग्नानंतर तयार झालेल्या सेटांपैकी पहिलाच मी तपासायला घेतला. दुपारची वेळ, पत्रा तापलेला. बटण फिरवलं. आतल्या स्पीकरमधून आवाज क्षणभर आत ओढला गेला, आणि मग पुणे केंद्र आलं.

मला वाटलं, बटण चुकीच्या बाजूला आहे आणि मी जुनाच सेट लावलाय. बघितलं. नवाच होता.

दुसरा घेतला. तिसरा घेतला. सगळ्यांना श्वास होता.

माझा पहिला संशय रंगनाथरावांवर गेला. एजंटाकडून त्यांनी उरलेसुरले जुने आयसी आणले असतील आणि मला न सांगता घातले असतील. मी झाकण उघडलं. आत माझीच पट्टी होती, माझ्याच हाताचं सोल्डर, वर पांढरा एल-४१. पट्टी उपटून काढली, सेट मुका झाला. पुन्हा बसवली, श्वास आला.

ट्रान्झिस्टर बदलले. कंडेन्सर बदलले. सुरुवातीची, नंबर न घातलेली पट्टी मी कपाटात जपून ठेवली होती, ती आणून लावली. स्टेशन थेट आलं. पट्टी तशीच, माल त्याच खोक्यातला. फरक शोधायला बसलो तर डोळ्यांना एकच दिसत होता, आणि तो शिकल्यासवरल्या माणसानं तोंडातून काढण्यासारखा नव्हता.

गोरक्षला विचारलं, "तू काही बदल केलास का?"

"मी? मला तुमी सोल्डरच्या पुढं कुटं जाऊ देता?" तो झाकणाजवळ कान नेऊन थांबला. मग म्हणाला, "पर साहेब, जुन्यापेक्षा हिचा श्वास लांब हाय. न्हाई का?"

मीटर दोन्ही सेट सारखे दाखवत होता. कानाला मात्र गोरक्षचं खरं वाटत होतं.

५

नवी मालन रोज दुपारी शेडवर भाकरी घेऊन यायची. डोक्यावरचा पदर सावरत डबा ठेवायची, "जेवा दादा, पानी आनते" म्हणायची. कर्जतचं बोलणं. मला ती पोर वाईट वाटत नव्हती. तिला मालन म्हणताना माझी जीभ अडखळायची, म्हणून मी तिला काहीच म्हणत नसे.

एकदा मी तपासणीला बसलो होतो. ऐकायची खोली रिकामी होती. बटण फिरवलं, आणि पडद्याआडून आवाज आला, "जुना."

ती केव्हा आत गेली ते मला कळलं नव्हतं. मी बटण फिरवलं.

"नवा."

पुन्हा फिरवलं, पुन्हा. एकदा न फिरवता नुसता आवाज केला. ती एकदाही चुकली नाही. आता दोन्ही सेटांना श्वास होता. न बघता मलाही खात्रीनं सांगता आलं नसतं.

"तुम्हाला कोणी सांगितलं हे?" मी विचारलं.

"सांगायचं काय त्यात? ऐकू येतं." थोडं थांबून, हसल्यासारखं, "किती वेळ तेच तेच लावशील, दाद्या?"

आवाज त्या पोरीचाच होता. पण त्यात कर्जत नव्हतं. मी उठून दाराशी गेलो तर ती डबा उचलून बाहेरच येत होती. "भाकरी गार झाली की," म्हणाली, "तुमी जेवलाच न्हाई."

मी त्या संध्याकाळी रंगनाथरावांना गाठलं. मनात सगळं जुळवून ठेवलं होतं. शेड आमच्या जमिनीवर उभी होती, जमीन आईच्या नावावर. मालन गेल्यावर त्यांचं आमच्याशी नातं उरलं ते नावापुरतं. बायकोला पहिलीच्या चार सवयी पढवल्या की आई विरघळणार, नातं पुन्हा घट्ट होणार. माणूस असं करतो. त्यात मला नवल वाटलं नाही, राग मात्र आला.

"तुम्ही तिला पढवताय," मी म्हणालो.

"मी तुम्हाला हेच विचारणार होतो," ते म्हणाले. "मी मालनचा एक शब्द तिच्यापुढं काढलेला नाही. काढवत नाही. मला वाटलं तुम्हीच दुपारी शेडवर काहीबाही सांगता. त्या खोलीत तुम्ही दोघं काय बोलायचात ते मला कुठं माहीत? मी कधी आत पाय ठेवला होता?"

"मग आईनं."

आई ओट्यावर शेंगा सोलत होती. आमचं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मी कशाला सांगू? लेकीला आपलं घर दाखवावं लागतं व्हय?"

तिनं हे अगदी सहज म्हटलं. रंगनाथराव चपला घालून रस्त्याकडं निघून गेले. तेव्हापासून मी त्यांच्यावर संशय घेणं सोडलं. सोडलं म्हणजे, संशयाला बसायला दुसरी जागा मिळाली, पट्टीवरचा नंबर आणि ताटातलं नाव.

६

श्रावण लागला. दुष्काळ सरून अखेर पाऊस झाला होता. पंचमीसाठी भिमाजी मुलीला न्यायला आले. कर्जतहून एस.टी.नं, खांद्यावर गाठोडं. मी त्यांना घरी नेलं. ते ओसरीवर बसले, टोपी गुडघ्यावर ठेवली. बोटांवरच्या चिंध्या गेल्या होत्या.

ती पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. त्यांच्यापुढं ठेवला आणि मला विचारलं, "पाहुणे कुठले, दादा?"

भिमाजी हसले. "लंके, बापाची चेष्टा करती व्हय? लई दीस आलो न्हाई म्हनून रागं भरली जनू."

तिनं मागं वळून बघितलं. आपल्यामागं कोणी उभं आहे का, ते त्याला हाक मारताहेत का, अशा तऱ्हेनं. मागं कोणी नव्हतं. ती पुन्हा त्यांच्याकडं वळली, अगदी नम्रपणे, आणि म्हणाली, "चहा घेणार ना? बसा."

आई आतून म्हणाली, "ती कशाला येती हो कर्जतला? तिचं माहेर इथंच हाय."

भिमाजींनी चहा घेतला नाही. मी त्यांना स्टँडवर पोचवायला निघालो. वाटेत शेड लागली तेव्हा ते थांबले आणि आत येऊन स्टुलावर बसले.

"कुनी काय चारलं का तिला?"

"नाही हो."

"मारहान?"

"छे. तिला कोणी बोटही लावलेलं नाही. तुमच्या गळ्याची शपथ."

"मंग माजी पोर कुटं हाय?"

गोरक्षनं हातातलं काम ठेवलं आणि तो बाहेर गेला.

"दादा, तुमी शिकलेलं हायसा," ते म्हणाले. "मी तुमाला दोस देत न्हाई. नाव लिवताना मीबी गपच हुतो. म्हनलं, पोटाला भाकर मिळंल, नाव काय करायचं. पर ती माज्या डोळ्यात बघत हुती आन वळखत नव्हती. सोंग न्हाई ते. मला सोंग कळतं. ल्हानपनी खोटं बोलली की नाकाचा शेंडा खाजवायची." त्यांनी गाठोडं मांडीवरून उचलून माझ्या बाकावर ठेवलं. "यात लुगडं हाय आन लाह्या. तिला तिच्या नावानं हाक मारा. एकदाच. ती तुमचं आईकती, मी बघितलं. म्या हाक मारली तर ती मागं बघाया लागली. तुमी मारली तर म्होरं बघंल."

"हाक मारून काय होणार?" मी म्हणालो.

"काय न्हाई झालं तर सोडून द्या. पर मारा."

मी हो म्हणालो.

७

दुसऱ्या दिवशी तेलघाणा बंद होता. गोरक्ष नागपंचमीचा म्हणून आला नव्हता. शेडमध्ये इतकी शांतता मी क्वचितच अनुभवली असेल. बाहेर ऊन पडलं होतं, पत्र्याच्या भोकांतून जमिनीवर त्याचे ठिपके आले होते.

ती डबा घेऊन आली. मी न सांगताच आत जाऊन बसली. आता ते रोजचंच झालं होतं, आणि खरं सांगायचं तर तपासणीचं काम पूर्वीसारखं होऊ लागलं होतं.

हाक मारायचीच होती. पण आधी मला एक खात्री करून घ्यायची होती. मी दोन्ही सेट बंद केले. तेवढ्यानं समाधान होईना म्हणून बॅटरीच्या तारा काढल्या. मग आतल्या स्पीकरची तारही बटणापासून सोडवली आणि तिची दोन टोकं हातात धरली. नुसती तांब्याची टोकं, कशालाच न जोडलेली. भिमाजींचं गाठोडं माझ्या कोपरापाशी होतं.

"कोणता?" मी विचारलं.

मालन असती तर कान उपटायची धमकी आली असती. अनोळखी पोर असती तर म्हणाली असती, काही ऐकू येत नाही. यांपैकी काहीही आलं असतं तरी माझं काम सोपं झालं असतं.

पडद्याआड आवाज आत ओढला गेला. तोच. लांब, सावकाश, पुरता.

मी हातातल्या तारांकडं बघितलं.

"जुना," आतून उत्तर आलं.

मी पडदा बाजूला केला.

ती बाकाच्या पार टोकाला, भिंतीच्या गोधडीला चिकटून बसली होती. अरुंद बाकावर शेजारी दुसरं कोणी बसलं की आपण अंग चोरतो, तशी. दोन्ही मुठींनी पदराचा बोळा तोंडात कोंबून धरला होता. गाल फुगले होते. डोळे माझ्यावर होते, आणि ते डोळे मी ओळखले. तांदळाच्या ताटाकडं बघताना होते तेच, भिरभिरणारे. मांडवानंतर मी ते पुन्हा पाहिलेच नव्हते. तिला मला काहीतरी सांगायचं होतं. तिनं मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही.

बोळा तोंडात तसाच होता.

"दाद्या," मालन म्हणाली, "पडदा सोड."

मी पडदा सोडला.

थोड्या वेळानं ती बाहेर आली. पदर ओला होता, चुरगळलेला. "जेवा दादा," म्हणाली, "पाणी आणते."

८

सेट गावोगाव गेले. तपासनिसानं झाकण उघडून नंबर वाचला आणि शिक्का मारला. तक्रार एकही आली नाही. उलट एका गावच्या ग्रामसेवकानं रंगनाथरावांना मुद्दाम सांगितलं की तुमचा सेट लावला की चावडीवरची माणसं आपोआप गप्प होतात, कोणाला गप्प करावं लागत नाही. का ते त्याला सांगता आलं नाही.

आईची तब्येत सुधारली आहे. भाऊबीजेला मला ओवाळलं गेलं, माझ्या आवडीचे अनारसे ताटात होते. रंगनाथराव हल्ली मुंबईच्या फेऱ्या जास्त करतात आणि घरी कमी असतात. गोरक्षनं काम सोडलं. कारण विचारलं तर म्हणाला, नगरात लेथवर चांगली जागा मिळाली.

भिमाजींनी दोनदा निरोप पाठवला. खडीच्या ट्रकवाल्याबरोबर एकदा, ऊसतोडीला निघालेल्या टोळीबरोबर एकदा. निरोप एवढाच की, मारली का? मी दोन्ही वेळा सांगितलं, मारतो. गाठोडं बाकावरच आहे. लाह्यांना मुंग्या लागल्या होत्या, त्या मी झटकल्या. गाठ सोडली नाही.

आता मी सेट जोडत नाही. तारा सोडवून ठेवतो आणि खिडकीपाशी बसतो. ती आत जाते, बाक करकरतो, आणि एकदा करकरल्यावर थोड्या वेळानं पुन्हा करकरतो. कधी भिंतीच्या बाजूनं अगदी बारीक आवाज येतो, कापड चावल्यासारखा. तेव्हा तिचं खरं नाव माझ्या जिभेवर असतं. तीन अक्षरंही नाहीत त्यात. तेवढ्यात पडद्याआड श्वास घेतला जातो आणि मी थांबतो, मालन आता काय बोलते ते ऐकायला.

लंकाला मी अजून हाक मारलेली नाही.